चाळीस डावीकडे, पंचवीस उजवीकडे

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आयर्लंडमधल्या नास गावाहून डब्लिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ताशी पंच्याण्णव किलोमीटर वेगाला एका करड्या गाडीचे स्टिअरिंग थरथरू लागले. गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली त्याला अडीच दिवस झाले होते. गाडीत दोघे होते. चालवत होते ते, शेजारी मी.

त्यांनी वेग कमी केला. ऐंशीला थरथर थांबली. पुन्हा पंच्याण्णव केला, पुन्हा सुरू झाली. शंभरला वाढली.

"वही काढा," ते म्हणाले.

"सर, बाजूला घेऊ या का?"

"बाजूला घेतली तर गाडी उभी राहील. उभी गाडी थरथरत नाही. वेळ लिहा."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढली आणि वेळ लिहिली. कारखान्याच्या पार्किंगमध्ये पोहोचल्यावर त्यांनी त्याखाली वेग, रस्ता, टायरमधली हवा आणि हवामान लिहिले. पानाच्या उजव्या बाजूला दोन रकाने आखलेले होते: 'केलं' आणि 'तपासलं'. पहिल्यात त्यांनी सही केली. दुसऱ्यात माझी घेतली.

नासच्या मराठी मंडळातले लोक त्यांना पाठीमागे 'ऑडिटर' म्हणत. ते ऑडिटर नव्हते. डब्लिनच्या पश्चिमेला एका औषध कारखान्यात आम्ही दोघे नोकरीला होतो. मी कागदपत्रांच्या विभागात, ते स्वच्छतेच्या. एक औषध बनवून झाले की टाकी धुतात, आणि दुसरे औषध बनवण्याआधी ती खरोखर स्वच्छ झाली हे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करण्याचे काम त्यांचे होते. वय एक्कावन्न, शिक्षण रसायनशास्त्राचे, मूळ गाव अकोल्याजवळ, घर पुण्यात. मुलगी बारावीला म्हणून बायको पुण्यातच होती. नासमध्ये ते एकटे राहत. त्या शरद ऋतूत मात्र त्यांचे वडील, आप्पा, तीन महिन्यांसाठी आले होते.

त्यांच्या घराच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला होता. त्यावर तारीख, वेळ, 'कुलूप केलं', 'कुलूप तपासलं'. आप्पा नसताना दुसरा रकाना कोण भरतो, असे मी एकदा विचारले.

"मीच."

"मग त्याला काय अर्थ?"

"आपण केलेलं आपणच तपासलं तर ते तपासणं नसतं, ते समाधान असतं. म्हणून मी कुलूप लावतो, कोपऱ्यापर्यंत चालत जातो, परत येतो आणि तपासतो. तेवढ्यात मी दुसरा माणूस झालेलो असतो."

या दुसऱ्या माणसाचे पेन वेगळे होते. पहिला निळ्या शाईने लिही, दुसरा काळ्या. त्यांच्याकडे अशा अकरा वह्या होत्या. मी त्यांतल्या बऱ्याच पाहिल्या आहेत. रिकामा रकाना एकही नव्हता.

स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात (नासमध्ये आम्ही सगळेच प्रेस म्हणतो), हळदीपासून कुरडयांपर्यंत प्रत्येक डब्याला चिठ्ठी असे. केव्हा उघडला, केव्हा संपवावा, उघडणाऱ्याची सही. त्यांच्याकडे पाहुणा पाणी मागे तेव्हा ते पेला आधी खिडकीकडे धरून बघत, मग भरत. गणपतीत आरतीनंतर त्यांनी मुलांना एका रांगेत उभे करून हात धुतल्याच्या सह्या घेतल्या होत्या. त्यातली एक सात वर्षांची मुलगी प्रसादाचे ताट धरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि अस्सल आयरिश हेल काढून म्हणाली, "काका, इज द लाडू व्हेरिफाइड?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "नाही. मी अजून खाल्लेला नाही."

'ग्रँड' या शब्दाशी त्यांचे वैर होते. या देशात तो शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. तब्येत ग्रँड असते, हवा ग्रँड असते, उशीर झाला तरी ग्रँड असते. कामगार येऊन सांगे, टाकी ग्रँड आहे. ते विचारत, "ग्रँड म्हणजे किती?"

हा विनोद नव्हता. एकदा तीन माणसांनी पास केलेली टाकी त्यांनी अडवून धरली. सगळे नमुने स्वच्छ आले होते. ते टॉर्च घेऊन खाली वाकले, बराच वेळ तसेच राहिले आणि तळाच्या व्हॉल्व्हमधले रबरी कडे उघडायला लावले. कड्याच्या मागे आधीच्या औषधाचा पांढरा थर होता, नखाएवढा. तो पुढच्या औषधात गेला असता. त्या चौकशीच्या अहवालात खालच्या कोणीतरी कारण लिहिले, 'मानवी चूक'. त्यांनी ते खोडले. "मानवी चूक हे कारण नसतं," ते मला म्हणाले. "कारण शोधायचा कंटाळा आला की माणसं ते लिहितात." त्यानंतर कारखान्यात त्यांच्या संशयाला कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही.

गाडीची दुरुस्ती साधी होती. वार्षिक सरकारी तपासणी जवळ आली होती, म्हणून पुढचे दोन टायर आणि पुढचे ब्रेक बदलायचे होते. मंडळातली बहुतेक कुटुंबे नासमधल्या एका छोट्या गॅरेजात गाड्या देत. मालक वाजवी बोलणारा होता. त्याच्याकडे एकच मेकॅनिक होता, पंचावन्नच्या आसपासचा, पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातला, आठ वर्षे तिथेच. काम करताना शीळ वाजवायची सवय होती. शुक्रवारी संध्याकाळी त्याने किल्ली हातात देताना सांगितले, "ग्रँड आहे आता."

"ग्रँड म्हणजे किती?" त्यांनी विचारले.

मेकॅनिकला ती गंमत वाटली. तो हसला आणि आत गेला. हे हसणेही वहीत नोंदलेले आहे.

शनिवारी आप्पांनी गाडी धुतली. इथे दसऱ्याची सुट्टी नसते, त्यामुळे मंडळी तो जवळच्या रविवारी करतात. पूजेत गाडी असणार, तेव्हा ती आतून-बाहेरून लख्ख हवी, असे आप्पांचे म्हणणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस ड्राइव्हवेमध्ये पाट टाकून बसला आणि जुना टूथब्रश व स्क्रूड्रायव्हर घेऊन चाकांच्या आऱ्यांमधून आत हात घालू लागला. मी समोरून जात होतो.

"पाह्य कसं चकाचक केलं," ते मला म्हणाले. मग दाराकडे तोंड करून, "बाबू, तुह्या मेकॅनिकनं आत कचरा तसाच ठेवला होता! म्या काढला."

"कचरा?" ते आतून बाहेर आले. चाकाकडे बघितले. आत गेले आणि वहीत लिहिले.

रविवारी त्यांच्या घरी पूजा झाली. पाटावर लाल कापड, त्यावर पाना, स्क्रूड्रायव्हर, त्यांचा प्रयोगशाळेचा थर्मामीटर, दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि झेंडू. आपट्याची पाने मिळत नाहीत म्हणून आप्पांनी मागच्या कुंपणाची पाने घेतली होती. पूजेचा फोटो सरांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मीही त्याला हात जोडल्याची खूण पाठवली.

शुक्रवार ते रविवार गाडी फक्त नास गावात फिरली होती, पन्नासच्या आत. सोमवारी ती पहिल्यांदा वेगात गेली.

पुढचे तीन दिवस त्यांनी तपास केला. पद्धत बरोबर होती, हे आजही म्हणावे लागेल. सोमवारी संध्याकाळी चाकांचे नट घट्ट आहेत का पाहिले. होते. मंगळवारी ब्रेक दाबल्यावर थरथर वाढते का पाहिले. वाढत नव्हती, म्हणजे दोष ब्रेकमध्ये नव्हता. थरथर ठरावीक वेगालाच येत होती आणि सीटमध्ये नाही, स्टिअरिंगमध्ये येत होती. म्हणजे पुढची चाके, आणि चाकांचा तोल. नवा टायर बसवला की चाक यंत्रावर फिरवतात, एक बाजू हलकी भरली तर तिथे आतल्या अंगाला वजनाची छोटी धातूची पट्टी चिकटवतात. बिलात त्या कामाची वेगळी ओळ होती.

बुधवारी दुपारी त्यांनी पार्किंगमध्ये योगासनाची चटई अंथरली आणि टॉर्च घेऊन आडवे झाले. मागच्या दोन्ही चाकांत काळी पडलेली एकेक पट्टी होती. पुढच्या चाकांत काही नव्हते.

"या. हात घाला."

मी गुडघ्यावर बसून आऱ्यांमधून हात घातला. धातू गुळगुळीत होता.

"काही लागलं?"

"नाही."

"सही करा."

मी सही केली.

"काम केलं नाही, एवढंच असतं तर मी सोडलं असतं," चटई गुंडाळत ते म्हणाले. "केलं नाही आणि केलं म्हणून लिहिलं. हे वेगळं आहे."

गुरुवारी कामावरून परतताना आम्ही गॅरेजला गेलो. मालक आणि मेकॅनिक दोघेही होते. सरांनी वही उघडून बॉनेटवर ठेवली.

"पट्ट्या मी लावल्या," मेकॅनिक म्हणाला. "चाळीस ग्रॅम डावीकडे, पंचवीस उजवीकडे. डावं चाक त्रासाचं होतं, टायर फिरवून पुन्हा बसवावा लागला. म्हणून लक्षात आहे."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय म्हणजे?"

"चाळीस आणि पंचवीस. कुठे नोंद?"

"यंत्र आकडा दाखवतं, मी पट्टी लावतो. लिहायचं कशाला?"

"आमच्याकडे लिहिलं नाही म्हणजे केलं नाही."

"तुमच्याकडे गोळ्या बनवतात," मेकॅनिक म्हणाला. मालक हसू दाबत होता. मग त्यांनी मेकॅनिकला चाकाजवळ नेले आणि हात घालायला सांगितले. त्याने घातला, आतून सगळीकडे फिरवला, बाहेर काढला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

"होत्या," तो म्हणाला.

"पडल्या? नव्या? दोन्ही? एकाच वेळी?"

मालकाचे हसू गेले होते. त्याने स्वतः दोन्ही चाके काढून यंत्रावर फिरवली, पट्ट्या लावल्या आणि माफी मागितली. घरी जाण्याआधी ते एक फेरी मोटरवेवर मारून आले. शंभरला स्टिअरिंग शांत होते.

अहवाल चार पानांचा होता. फोटो, वेगाचा तक्ता, मेकॅनिकचे म्हणणे शब्दशः, आणि त्यापुढे 'नोंद नाही'. शिवाय एक जोड-मुद्दा होता: 'मेकॅनिकने चाकांत आतून कचरा सोडला होता. आप्पांनी काढला. कामाच्या दर्जाची कल्पना यावी.' मूळ कारणाच्या चौकटीत लिहिले होते, 'मानवी चूक'.

"सर," मी म्हणालो, "हे कारण तर तुम्हीच खोडता."

"तिथे टाकी असते. इथे माणूस आहे. माणसाने काम केलं नाही, तर कारण माणूसच."

तपासणाऱ्याची सही म्हणून माझे नाव होते. एक प्रत त्यांनी गॅरेजच्या मालकाला दिली, एक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. गावातल्या आणि आसपासच्या पन्नासेक कुटुंबांनी ती वाचली. कोणी लिहिले, 'आमच्याही गाडीतून आवाज येतो.' कोणी लिहिले, 'बाप रे, लहान मुलं बसतात गाडीत.' कोणी डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या एका गॅरेजाचा पत्ता दिला. दोन दिवसांत विषय बदलला. लोक मात्र नासच्या गॅरेजात जायचे थांबले. मीही थांबलो.

तीन आठवड्यांनी मेकॅनिकने ते गॅरेज सोडले. मला हे कोणाकडून तरी कळले. गाडीत त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कुठे गेला?"

"माहीत नाही."

"जिथे गेला तिथे लिहायला शिकला असेल तर बरं."

आप्पा डिसेंबरात अकोल्याला परत गेले. विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "याच्यावर लक्ष ठेव बाप्पा. लहानपणापासून असाच हाय. शाळेत मास्तरनं दहापैकी दहा देल्ले तं मास्तरले म्हणे, पुन्हा मोजा."

मार्चमध्ये माझ्या गाडीचा टायर खड्ड्यात फाटला. नासचे गॅरेज सर्वांत जवळ होते. मालक एकटाच काम करत होता. मी उभा राहून बघत होतो. त्याने टायर बसवला, चाक यंत्रावर फिरवले, आकडा पाहिला आणि भिंतीवरच्या गुंडाळीतून एक पट्टी तोडली. राखाडी पट्टी, छोट्या छोट्या चौकोनांची, चॉकलेटच्या वडीसारखी. एकेक चौकोन पाच ग्रॅमचा, असे त्याने मी विचारल्यावर सांगितले. मागचा कागद सोलून त्याने ती चाकाच्या आत दाबली. नवी पट्टी चकचकीत होती, नव्या भांड्यावर राहून गेलेल्या लेबलसारखी.

ती पट्टी मी आधी पाहिली होती. कुठे, ते आठवायला मला मिनिटभर लागले.

फोनमध्ये मंडळाचा ग्रुप उघडून मी ऑक्टोबरपर्यंत मागे गेलो. दसऱ्याचा फोटो सापडला. लाल कापड, पाना, थर्मामीटर, लॅपटॉप. उजव्या कोपऱ्यात, स्क्रूड्रायव्हर आणि गाडीच्या किल्लीच्या मधे, दोन राखाडी पट्ट्या. एकीचे आठ चौकोन, दुसरीचे पाच. प्रत्येक चौकोनावर कुंकवाचा ठिपका.

मी फोटो मोठा करून मालकाला दाखवला. त्याने हात पुसले, चष्मा लावला.

"त्याच," तो म्हणाला. "हे लाल काय आहे?"

मी सांगितले. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो, एवढेच सांगता आले. त्याने फोन परत दिला.

"तो शेवटपर्यंत मला सांगत होता, लावल्या म्हणून," मालक म्हणाला. "माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तुमच्या लोकांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, आठवड्याला चार-पाच. दोघांचं काम उरलं नाही. पण तो गेला तो यासाठी नाही. युअर मॅनचा, तुमच्या त्या गृहस्थाचा, तो अहवाल वाचून मीच त्याच्याकडे वेगळं बघायला लागलो. तो चाक लावायचा आणि मी मागून जाऊन तपासायचो. एक दिवस त्याने मला तपासताना बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहिल्यावर मी त्यांना फोटो दाखवला. चौकोन मोजून दाखवले.

"हा मूळ फोटो आहे? कोणी छेडछाड केलेली नाही?"

"तुम्हीच टाकलेला आहे."

त्यांनी स्वतःचा फोन काढला, स्वतःचा फोटो उघडला, मोजले. मग अकोल्याला फोन लावला. आवाज गाडीच्या स्पीकरवर आला.

"आप्पा, दसऱ्याच्या पूजेत दोन पट्ट्या होत्या. राखाडी."

"हो. चाकातले स्टिकर. ते तं म्या काढले होते."

"का?"

"कायले म्हंजे? नव्या भांड्याचा स्टिकर काढत नाही का आपण? चिकटून बसले होते, स्क्रूड्रायव्हरनं काढा लागले. तुले सांगतलं होतं ना त्याच दिवशी."

"तुम्ही कचरा म्हणालात."

"मंग कचराच तं होता. पण लोखंडावानी दिसलं, म्हणून पूजेत ठेवलं. दसऱ्याचं लोखंड फेकत नाहीत बाबू. देवाच्या डब्यात हायेत, तुह्या घरी, कापराखाली. का बरं? काही झालं का?"

"नाही," ते म्हणाले. "काही नाही. जेवण झालं का?"

ते त्या दिवशी कामावर आले नाहीत. मला उतरवून नासला परत गेले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिठाचा वजनकाटा होता, त्यावर एक पट्टी, शेजारी दुसरी. देवाचा डबा उघडा होता.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "आणि ही सव्वीस. डिंक आणि कुंकू धरून. तुम्ही वाचा."

मी वाचले. एक्केचाळीस. सव्वीस.

वही उघडीच होती. ऑक्टोबरचे पान होते, मेकॅनिकचे म्हणणे शब्दशः लिहिलेले. चाळीस डावीकडे, पंचवीस उजवीकडे. पुढे काळ्या शाईत, 'नोंद नाही'.

"त्याला आकडे पाठ होते," ते म्हणाले. "सहा दिवसांनी. कागदाशिवाय."

मी काट्यावरची पट्टी उचलून दुसरीशेजारी ठेवली.

"आणि कचऱ्याचं मी स्वतः लिहिलंय. इथे. माझ्या अक्षरात." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "हे वाचून तुम्हाला काही वाटलं नाही?"

"नाही सर. मला मेकॅनिक निष्काळजी वाटला."

"मलाही."

दुरुस्ती अहवाल एका पानाचा होता. त्यात आप्पांचे नाव नव्हते. 'मूळ कारण: गाडीची साफसफाई. जबाबदार: मी.' तपासणाऱ्याच्या जागी त्यांनी माझे नाव घातले नव्हते. मी मागून घालायला लावले. ग्रुपवर तो टाकल्यावर चार जणांनी अंगठा दाखवला. त्यानंतर लगेच कोणीतरी नवरेमंडळींच्या क्रिकेटसाठी हॉल मिळाल्याचे कळवले, आणि पुढच्या सगळ्या ओळी त्यावर आहेत.

मालकाला त्यांनी ते पान स्वतः नेऊन दिले. मी बरोबर होतो. त्यांनी मेकॅनिकचा पत्ता विचारला.

"क्लेअरमध्ये, एनिसला आहे," मालक म्हणाला. "बहिणीकडे राहतो. टायरच्या दुकानात जातो, आठवड्यातले तीन दिवस. मी परत बोलावलं होतं, परवाच, हे कळल्यावर. नाही म्हणाला."

"काही बोलला?"

"नाही म्हणाला. एवढंच." मग पानाची घडी करत, "फोन मी लावून देणार नाही. दुकान कुठे आहे ते सांगतो."

पुढच्या शनिवारी ते एनिसला गेले. मी येतो म्हणालो होतो. त्यांनी नको सांगितले. सोमवारी सकाळी गाडीत ते हवेविषयी बोलले आणि नवीन टाकीविषयी बोलले. एनिसला काय झाले, हे मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

जूनमध्ये ते पुण्याला कायमचे परत गेले. मुलीचा प्रवेश होता, आप्पांची तब्येतही ठीक नव्हती. दारामागचा तक्ता त्यांनी चिकटपट्टीसकट काढून नेला. दहा वह्या नेल्या. गाडी मी घेतली. अकरावी वही गाडीची होती, ती गाडीतच राहिली, डॅशबोर्डच्या कप्प्यात. तिच्यात एक छोटी प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यावर चिठ्ठी आहे: 'पट्ट्या, दोन, ४१ व २६ ग्रॅम.' पिशवी रिकामी आहे.

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर एनिसच्या शनिवारची तारीख आहे. जाऊन-येऊन चारशे सहा किलोमीटर. काम: चारही चाकांचा तोल. त्याखाली इंग्रजीत, वेगळ्या अक्षरात, चार चाकांचे चार आकडे ग्रॅममध्ये लिहिलेले आहेत. पहिल्या आकड्यावर तेलकट अंगठा उमटलेला आहे. 'केलं' या रकान्यात मेकॅनिकची सही आहे. 'तपासलं' हा रकाना रिकामा आहे.